हटके करिअर : घोडा का अडला?

मंडळी, पौष पौर्णिमेच्या आसपास कधी मुरबाडच्या बाजूला गेलात तर म्हशाच्या यात्रेत जरूर डोकवा. कल्याणहून मुरबाड, आणि मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की म्हसा. एरवी साधंसुधं गाव. यात्रेच्या दिवसांत मात्र धूळ, पाळणे, घोंगड्यांचे ढीग, शेतीची अवजारं आणि बैल. जिकडे बघाल तिकडे बैल! म्हसोबाची ही यात्रा आणि तिथला बैलबाजार म्हणजे शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याचा वर्षाचा मोठा इव्हेंट.

तिथे एखादे आजोबा बैलाचा जबडा उघडून दात बघतात, खुरांवरून नजर फिरवतात, पाठीवर थाप मारतात, दहा पावलं चालवून बघतात आणि मिनिटाभरात निकाल देतात. हा नांगराला चालेल, तो नुसता दिसायला. सॉलिड ना? पण त्या आजोबांना 'तुमची फील्ड कोणती?' असं विचारलंत तर ते तुमच्याकडेच संशयाने बघतील. जनावर कळणं ही आपल्याकडे अंगात असण्याची गोष्ट. व्हिजिटिंग कार्डावर छापण्याची नाही.

विषय घोड्याचा आणि सुरुवात बैलापासून का? कारण घोडा म्हटलं की आपल्या मिडल क्लास मराठी डोक्यात एकदम वेगळी रीळ सुरू होते. महाराजांचा पुतळा, महालक्ष्मीचं रेसकोर्स, हॅट घातलेल्या बायका, नाहीतर हिंदी सिनेमातला हिरो. म्हणजे एकतर इतिहास, नाहीतर पैसा. आपल्या रोजच्या आयुष्यात घोडा नाहीच, असं आपण धरून चालतो.

पण तो आहे. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणपट्ट्यात उतरतात. मेंढरांच्या जोडीला तट्टं असतात. तट्टांवर भांडीकुंडी, कोंबड्या, नवी जन्मलेली कोकरं आणि कधी कधी सगळ्या सामानाच्या वर बांधल्यासारखं एखादं झोपलेलं पोर. मागून एसटीने कर्कश हॉर्न दिला तरी ते तट्टू कान हलवतं आणि चालत राहतं. माळशेज घाट चढून जुन्नरकडे गेलात तर बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धावते. तिच्यावरच्या स्वाराला मागून येणाऱ्या बैलांचा वेग ओळखून तिला राखावं लागतं आणि सोडावंही लागतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. एवढ्या वर्षांच्या चर्चेत घोडीचा विषय किती वेळा निघाला? आणि तिसरी घोडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. वरातीतली. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात, डोक्यावर झालर घालून निमूट उभी राहणारी.

त्या प्रत्येक जनावराला कुणीतरी शिकवलेलं असतं, आणि त्या कुणीतरीला आपण कधी 'सर' म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्या ग्रुपमध्ये एक तरी जण असतोच, सहसा एक तरी जणी, जिला लहानपणापासून घोड्यांचं वेड असतं. पाचवीत वहीच्या मागच्या पानावर घोड्यांची चित्रं. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी 'अजून एक राऊंड' म्हणून आईच्या पदराला लोंबकळणं. मग दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, हिंजवडी. आणि सव्विसाव्या वर्षी एका शनिवारी पहाटे पाचला उठून रायडिंगच्या क्लासला जाणं. सहा महिन्यांनी ती कॉफी पिताना जाहीर करते, 'जॉब सोडतेय. इन्स्ट्रक्टर होणार.' टेबलावर शांतता. मग कुणीतरी विचारतं, 'ते ठीक आहे, पण पगार?'

घोडं इथेच पेंड खातं. घोड्यावर प्रेम असणं आणि घोडेस्वारी शिकवून पोट भरणं या दोन गोष्टींच्या मधे बरंच अंतर आहे. ते पार केलेला एक मराठी माणूस मला माहितेय. फक्त तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

विष्णुपंत छत्रे. नाव ऐकलं असेल तर ते सर्कशीमुळे. भारतातली पहिली सर्कस काढणारे, १८८० साली. पण सर्कस ही गोष्टीची शेवटची रीळ. छत्र्यांचं गाव अंकलखोप, आजच्या सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. घर ब्राह्मणाचं आणि पोराला नाद दोनच, घोडा आणि गाणं. त्या काळी (आणि काय सांगावं, आजही) दोन्ही नाद घरच्यांच्या दृष्टीने वाया जाण्याचेच. छत्रे उठले आणि थेट ग्वाल्हेरला गेले. तिथे हद्दूखाँसाहेबांकडे गाणं शिकले आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या. म्हणजे आजच्या भाषेत डबल मेजर! परत आले ते चाबुकस्वार होऊन.

हा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. चाबुकस्वार म्हणजे चाबूक मारणारा स्वार नव्हे. घोड्याला शिकवून तयार करणारा तो चाबुकस्वार. साईस वेगळा, तो खरारा करतो, चंदी घालतो, लीद काढतो. नालबंद वेगळा. आणि मालक तर सगळ्यांपेक्षाच वेगळा. संस्थानाच्या पागेत हा प्रत्येक माणूस पगारी होता. छत्रे कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या आश्रयाला होते. (इंग्रजीतल्या लेखांत 'कुर्डुवाडीचा राजा' असा उल्लेख बिनधास्त सापडतो. कुर्डुवाडीला रेल्वेचं जंक्शन आहे हो, राजा कुठला!)

पुढची गोष्ट अशी सांगतात. चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. छत्रे राजेसाहेबांबरोबर ती बघायला गेले. चिआरिनीने म्हणे ऐट मारली, की असलं काही करायला तुम्हा लोकांना अजून दहा वर्षं लागतील. छत्र्यांनी पैज घेतली आणि काही महिन्यांत घोड्यांचे खेळ बसवून दाखवले. पैजेच्या तपशिलात थोडं तिखटमीठ असणार. पण सर्कस खरी, ती देशभर फिरली हेही खरं. पुढे ती केरळात तलश्शेरीला पोचली, आणि तिथे कीलेरी कुंजिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक त्यांना भेटले. त्या कुंजिकण्णन यांनी नंतर सर्कशीचे कलाकार घडवणारी शाळा काढली. भारतीय सर्कस म्हटलं की केरळ आठवतं, त्याची सुरुवात ही. एका शिकवणाऱ्याची दुसऱ्या शिकवणाऱ्याशी गाठ पडली की असं काहीतरी होतं.

गाण्याचं काय झालं? हद्दूखाँसाहेबांचे पुत्र रहिमतखाँ, ज्यांना पुढे लोक 'भूगंधर्व' म्हणाले, ते विपन्नावस्थेत भटकत असताना छत्र्यांनी त्यांना आपल्याकडे आणलं आणि सर्कशीबरोबर सांभाळलं. घोड्यांच्या कमाईवर गाणं जगलं. मला हा भाग सर्कशीपेक्षाही भारी वाटतो.

छत्र्यांच्या करिअरमध्ये एक गोष्ट होती जी आज नाही. त्यांना पागा मिळाली. नाद असलेल्या माणसाला पगार देणारं, घोडे पुरवणारं एक संस्थान पाठीशी होतं. आज ती पागा कुठे आहे? लष्करात आहे. खडकवासल्याच्या एनडीएत कॅडेट्सना घोडेस्वारी शिकवतात. जयपूरची ६१ कॅव्हलरी अजून घोड्यांवर आहे. मीरतला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं केंद्र आहे. आणि म्हणूनच देशभरातल्या रायडिंग स्कूलमध्ये गेलात तर मैदानाच्या मधोमध उभा असलेला, ताठ पाठीचा, मिशांना पीळ दिलेला माणूस बऱ्याचदा रिटायर्ड दफेदार नाहीतर रिसालदार निघतो. सिव्हिलियनांसाठी मुंबईत १९४२ पासूनचा अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. बाकी पुणे, तळेगाव, कर्जत या पट्ट्यात खासगी फार्म आणि स्कूल. तिथले बरेचसे घोडे रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड.

आता मुख्य प्रश्न. तिथे शिकवतात म्हणजे नेमकं काय शिकवतात?

आपल्याला वाटतं, घोडा चालवायला शिकवतात. स्कूटीसारखं. इकडे अ‍ॅक्सिलरेटर, इकडे ब्रेक. मी शिकायला गेले तेव्हा पहिल्या दिवशी हातात लगाम दिलाच नाही. घोडी लांब दोरीवर, दोरी सरांच्या हातात, आणि मी गोल गोल. हात कुठे ठेवू? कमरेवर. कधी आडवे पसरून, सिनेमातल्या त्या जहाजावरच्या हिरॉइनसारखे. मला वाटलं, फीचे पैसे वसूल व्हायचे लांबच.

कारण नंतर कळलं. लगामाचं लोखंड घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत, हिरडीवर बसतं. नवशिक्याचा तोल गेला की तो पहिलं काय करतो? हातात असेल ते ओढतो. म्हणजे तुमचा तोल जातो आणि घोड्याचं तोंड फाटतं. म्हणून आधी बूड जमायला हवं, मग लगाम. शिकवणाऱ्याला दोन विद्यार्थी सांभाळायचे असतात, आणि त्यातल्या पाचशे किलोच्या विद्यार्थ्याला तक्रार करता येत नाही.

मग येते दुडकी. इंग्रजीत ट्रॉट म्हणतात ती. घोडा चालतो तेव्हा चार पाय एकामागून एक पडतात, चार ठोके. दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडतात, दोनच ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला तुम्ही हवेत. पहिल्या दिवशी कवटी हलते. उपाय एकच, एका ठोक्याला उठायचं आणि दुसऱ्याला बसायचं. ऐकायला सोपं आहे. पण घाबरलेला माणूस श्वास रोखतो, श्वास रोखला की मांड्या आवळतात, मांड्या आवळल्या की घोड्याला वाटतं जोरात पळा म्हणतायत. तो जोरात पळतो, तुम्ही आणखी आवळता. हे चक्र तोडणं हा या नोकरीचा खरा जॉब प्रोफाइल आहे. चांगला शिक्षक त्या वेळी तुम्हाला गाणं म्हणायला लावतो. खरंच. गाताना श्वास रोखता येत नाही.

घोड्याला हे सगळं कळतं कसं? बर्लिनचा किस्सा ऐका. विल्हेल्म फॉन ओस्टन नावाचे गणिताचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला गणित शिकवलं होतं. बेरीज विचारा, हान्स खुराने ठोके मारून उत्तर देणार. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने चिकाटीने तपासलं आणि १९०७ मध्ये उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स नापास! बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित, अगदी केसभर हलायचं, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. मास्तरांना स्वतःला हे आपण करतोय याचा पत्ताच नव्हता.

लोकांनी मास्तरांना हसून घेतलं. मला विचाराल तर हान्स गणितात ढ असेल, पण माणूस वाचण्यात तो पीएचडी होता. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि अगदी शेपटीमागचा दिसत नाही. कातडीवर माशी बसली तरी तेवढाच तुकडा थरथरवून तो ती उडवतो. मग तुमची आवळलेली मांडी त्याला कळणार नाही? बॉसवरचा राग, ब्रेकअप, झोप न झालेली रात्र, सगळं घेऊन तुम्ही खोगिरावर बसता आणि तो ते वाचत असतो. शिकवणाऱ्याला घोड्याच्या कानांवरून तुमचा मूड कळतो. हे कुठल्या सर्टिफिकेटने येत नाही, ते तासांनी येतं. हजारो तासांनी.

आपल्याकडे बिरबलाच्या नावावर खपणारं जुनं कोडं आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एक, फिरवलं नाही म्हणून. रायडिंग स्कूलच्या घोड्याला मात्र हे कोडं उलटं लागू पडतं. तो अडतो ते फार फिरवल्यामुळे. रोज तेच वर्तुळ, रोज नवं बूड, रोज तोंडाला नवे हिसके. शेवटी तो कुणाचंच ऐकेनासा होतो. मालक म्हणतो, आळशी झालाय, दोन फटके द्या. चांगला शिक्षक म्हणतो, याला आठवडाभर मोकळं सोडा, बाहेर चरायला न्या. आणि तो आठवडा म्हणजे तेवढे तास बुडाले, तेवढी फी बुडाली. तुमचं घोड्यावरचं प्रेम कसाला लागतं ते इथे, महिन्याच्या वीस तारखेला.

गणित बघा ना. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के खाणं लागतं. म्हणजे पाचशे किलोला दहा किलो कोरडा चारा नि चंदी, वर पंचवीस-तीस लिटर पाणी, उन्हाळ्यात आणखी जास्त. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात कळ उठली तर मध्यरात्री डॉक्टर. मुंबई-पुण्याच्या पावसात मैदानाचा चिखल होतो आणि क्लास बंद पडतात. चंदी बंद पडत नाही. तुमची हिंजवडीची मैत्रीण इन्स्ट्रक्टर झाली तर तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होणार. त्यातला बराचसा वेळ ती घोड्यावर नसून घोड्याच्या खाली, खूर साफ करत असणार, आणि रविवार, दिवाळी, मे महिना हा तिचा पीक सीझन असणार. हे ऐकून जिचा चेहरा पडत नाही, तिने खुशाल राजीनामा टाकावा.

आणि पुढची वाट? आंतरराष्ट्रीय महासंघाचे कोचसाठी लेव्हलनुसार कोर्स असतात, ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येतात, देशात इक्वेस्ट्रियन फेडरेशन आहे. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज टीमने गोल्ड मिळवलं, १९८२ नंतर घोडेस्वारीतलं पहिलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्यानंतर क्लासला येणाऱ्या पालकांचे डोळे चमकू लागले असतील, पण एक सांगून ठेवते. ती मुलं वर्षानुवर्षं युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर शिकली. तो खर्च आपल्या ईएमआयच्या भाषेत मांडताच येत नाही.

पण मला खरं खुपतं ते वेगळंच. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज टीमने गोल्ड जिंकलं. त्या काळी नियम असा, की घोडेस्वारीत फक्त कमिशन्ड ऑफिसर आणि हौशी 'जंटलमन' उतरणार. स्वीडनचा एक स्वार, येनाल पेर्सन, होता साधा सार्जंट. स्पर्धेपुरतं त्याला बढती देऊन ऑफिसर केलं आणि नंतर पुन्हा खाली आणलं. हे उघड झालं आणि पुढच्या वर्षी टीमचं गोल्ड काढून घेतलं! घोडा तोच, स्वार तोच, खांद्यावरची पट्टी तेवढी चुकीची. नियम बदलला, १९५२ मध्ये हेलसिंकीत तोच पेर्सन टीमबरोबर उतरला आणि गोल्ड घेऊन गेला. त्याच स्पर्धेत बायकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला, आणि पोलिओमुळे गुडघ्याखाली अधू झालेली डेन्मार्कची लिस हार्टेल पुरुषांच्या बरोबरीने उतरून सिल्व्हर जिंकली. घोड्यावर चढायला तिला मदत लागायची.

आपल्याकडची खांद्यावरची पट्टी अजून बदललेली नाही. इंग्रजी बोलणारा, ब्रीचेस घालणारा, परदेशी सर्टिफिकेट भिंतीवर लावणारा तो 'कोच'. त्याच्याच तबेल्यात पंचवीस वर्षं काढलेला, कोणत्या घोड्याचा कुठला पाय उद्या दुखणार हे आज सांगणारा तो 'साईस'. विद्यार्थी पहिल्याला सर म्हणतात आणि दुसऱ्याला 'भैया, स्टिरप लहान करा'. रिकीब किती लहान करायची हे त्या भैयाला तुमच्या हाताच्या लांबीवरून कळतं. ते त्याला कुणी शिकवलं, विचारलंत कधी?

भीमथडीचंच घ्या. भीमेच्या काठची ही काटक, बुटकी तट्टं म्हणजे मराठा फौजेचा कणा होती. राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे म्हणून आपण छाती फुगवतो. पण घोड्यांच्या देशी जातींच्या सरकारी यादीत भीमथडीची नोंद व्हायला २०२३-२४ उजाडावं लागलं. तोवर तज्ज्ञांचा एक सूर असा, की ही जात आता उरलेलीच नाही. उरली होती! म्हशाच्या रस्त्याने जाणाऱ्या धनगरासारख्याच कुणाच्या तरी भांड्याकुंड्यांखाली ती चालत होती. ज्यांनी ती इतकी वर्षं टिकवली, त्यांच्या वाड्यावर जाऊन कुठलं रायडिंग स्कूल शिकायला बसलंय, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. मला वाटतं, मराठी घोडेस्वारीची शाळा काढायची तर पहिला व्हिजिटिंग फॅकल्टी तिथून यावा. मानधनासकट.

तोपर्यंत तुम्हाला करून बघण्यासारखं काय? म्हशाहून कर्जतच्या रस्त्याला लागा, नेरळ गाठा आणि वर माथेरान. दस्तुरीनंतर पेट्रोलच्या गाडीला बंदी, त्यामुळे तिथे चारशेहून जास्त परवान्याचे घोडे अजून पोटापाण्याचं काम करतायत. ई-रिक्षा आल्यात, त्यामुळे हे किती दिवस चालेल ते कुणी सांगावं. घोडेवाले तुमच्या बाजूने चालत-पळत येतात आणि 'चढाला पुढे वाका, उताराला मागे रेला, पाय सैल सोडा' हे लेक्चर दिवसाकाठी कितीतरी वेळा देतात, तेही कधी घोड्याच्या जवळ न गेलेल्या माणसांना. या देशात पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्यांचे सगळ्यात अनुभवी शिक्षक तेच असावेत, आणि पॉइंटचे पैसे दिले की आपण त्यांना विसरतो.

एक प्रयोग करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवार-रविवारी त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. रेट बोर्डावर लिहिलेला असतो, त्यात घासाघीस नको. सेल्फी नंतर. आधी घोड्याचं नाव विचारा, वय विचारा, तो कशाला घाबरतो ते विचारा. त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे जवळ जा. मागून नाही. आणि दादांना सांगा, दहा मिनिटं मला बसायचं नाहीये, खरारा कसा करतात ते दाखवा. त्याचे वेगळे पैसे द्या. घोड्याने मान खाली सोडली आणि खालचा ओठ सैल पडला, की तुमचं बरं चाललंय.

आणि हो, शॉर्ट्स घालून जाऊ नका. फुल जीन्स किंवा ट्रॅकपँट, आणि टाच असलेले बूट. रिकिबीचा पट्टा उघड्या पोटरीला घासला की पुढचे चार दिवस ऑफिसात लंगडत फिराल.